मौनातला घास

आपल्या घरांत एक गंमत असते. घरातल्या बाईचं काही दुखायला लागलं, की त्यावर मुलगा बोलतो, जावई फोनवरून बोलतो, शेजारचे काका कुठल्याशा काढ्याचं नाव सांगून जातात. बोलत नाही ती फक्त ती बाई. तिला वेळ कुठे असतो? एवढ्या सगळ्या बोलणाऱ्यांसाठी तिने चहा टाकलेला असतो. हिला मी गंमत म्हटलं खरं, पण पुढची हकिकत वाचून झाल्यावर तुम्ही तसं म्हणणार नाही. ही जबलपूरच्या चेरीतालमधल्या एका घरची गोष्ट आहे. तुमच्या किंवा माझ्या घरात ती घडली नाही, हा निव्वळ योगायोग.

घरात चार माणसं. भानुमतीबाई, वय त्रेसष्ट. त्यांचा मुलगा अच्युत, विजेच्या ऑफिसात मोठा बाबू. सून शैलजा, सिहोऱ्याच्या शाळेत शिकवायला रोज सकाळी बसने जाणारी. आणि नववीतली नात लतिका. सून सकाळी बाहेर पडायची ती दुपारी उशिरा परतायची, त्यामुळे घर चालायचं ते भानुमतीबाईंच्या जिवावर. डबे, पाहुणे, कुळाचार, लतिकाचा अभ्यास, सगळं त्यांच्याकडे.

आणि बोलणंही त्यांच्याकडेच. त्या घरात अथपासून इतिपर्यंत मराठी बोलणारं माणूस म्हणजे भानुमतीबाई. अच्युतचं वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि हिंदीत संपायचं. लतिकाला मराठी सगळी कळायची, पण उत्तर यायचं हिंदीतून. भानुमतीबाईंनी कुणाला टोकलं नाही, आपली मराठी सोडलीही नाही. दारावरच्या भाजीवाल्याशी त्या मराठीतच भाव करायच्या, आणि तीस वर्षांत तो भाजीवाला "घ्या नं बाई, ताजी आहे" एवढं म्हणायला शिकला होता.

एवढ्या बोलक्या बाईने एक व्रत घेतलं होतं. यजमान गेले त्या वर्षापासून चातुर्मासात मौनाने जेवायचं. पानावर बसल्यापासून चूळ भरेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हवं-नको ते खुणेनं सांगायचं. पाच वर्षांचा नेम होता आणि हे पाचवं वर्ष. मौनाच्या व्रताचं उद्यापन करताना देवाला घंटा वाहतात. ओमती भागातल्या भांड्यांच्या दुकानातून त्यांनी पितळेची लहानशी घंटा आधीच आणून ठेवली होती, मऊ फडक्यात गुंडाळून, देवघराच्या खालच्या कप्प्यात. कार्तिकी एकादशी झाली, की ती दत्ताच्या देवळात जायची होती.

"आईचं मौन म्हणजे आपला इंटरव्हल," अच्युत थट्टेने म्हणायचा. भानुमतीबाई पानावरूनच डोळे वटारायच्या आणि चूळ भरून झाली, की वीस मिनिटांचं साठलेलं एकदम बोलून टाकायच्या.

भाद्रपदातल्या एका रविवारी चौघं जेवायला बसली होती. भानुमतीबाईंनी वरणभाताचा घास उचलला आणि तो तोंडापर्यंत पोचलाच नाही. हात ताटात पडला. बोटं भातात तशीच राहिली. शैलजाचं लक्ष गेलं तेव्हा सासूबाईंच्या ओठाचा एक कोपरा खाली ओघळलेला होता आणि त्या तिच्याकडे टक लावून पाहत होत्या. काही सांगायचं असल्यासारख्या. घशातून नुसता "अं" असा आवाज आला.

"आई? काय होऊन राहिलं?" शैलजा अर्धी उठली.

अच्युत मोबाइलमध्ये होता. त्याने मान वर न करता म्हटलं, "बोलायला लावू नकोस तिला. मौन आहे नं."

शैलजा पुन्हा बसली. भानुमतीबाई डाव्या हाताने ताटाची कड धरून तशाच बसून राहिल्या. दहा-बारा मिनिटांनी उजव्या बोटांत जीव आला. त्या उठल्या, मोरीत जाऊन चूळ भरली, तोंड धुतलं, आणि आणखी थोड्या वेळाने त्यांना शब्द सापडले. दुसऱ्या कुठल्याही घरात, वर्षाच्या दुसऱ्या कुठल्याही महिन्यात, बोलकी बाई दहा मिनिटं गप्प झाली असती तर आरडाओरड झाली असती. इथे ती गप्प आहे हेच बरोबर होतं. तिचं गप्प असणं सगळ्यांच्या सवयीचं होतं.

शैलजा मागोमाग मोरीपाशी गेली. "आई, तुमचं तोंड वाकडं झालं होतं. मी पाहिलं."

"मला बोलताच येत नव्हतं गं," भानुमतीबाई हळूच म्हणाल्या. "म्हणजे मौन होतंच, पण मनातल्या मनातही शब्द येऊन नव्हते राहिले. हात तर जणू दुसऱ्याचाच." मग त्यांनी सुनेचं मनगट धरलं. "कुणाला सांगू नको. माझ्या तोंडून आवाज निघाला नं मधेच? पाचव्या वर्षी व्रत मोडलं म्हणतील."

शैलजाने संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "उपासतापास किती करते ती! अशक्तपणा आहे." तिथे तो विषय संपला.

महिना लोटायच्या आत भानुमतीबाईंना धाप लागायला लागली. भाजीची पिशवी घेऊन दोन पायऱ्या चढल्या, की भिंतीला टेकायच्या. जबलपूरच्या डॉक्टरांनी तपासलं, छातीवर यंत्र फिरवून पाहिलं आणि सांगितलं, की लहानपणी सांधे सुजून ताप आला असेल, त्याने तेव्हाच हृदयाची एक झडप खराब केली. आता ती जवळजवळ उघडतच नाही. ठोकेही वेडेवाकडे पडताहेत. रक्त पातळ करायची गोळी त्यांनी सुरू केली आणि नागपूरला जाऊन झडप बदलून घ्यायला सांगितलं.

अच्युत वाईट मुलगा नव्हता. हे सांगून ठेवतो, कारण अशा गोष्टींत वाईट मुलगा असला की आपण सगळे निर्धास्त होतो. अच्युतचा आईवर जीव होता. त्याने आठ दिवस ऑफिसातून येऊन दुसरं काही केलं नाही. मोबाइलवर हृदयाच्या ऑपरेशनचे व्हिडिओ पाहिले, चार लोकांना फोन केले आणि त्याला एक सोन्यासारखी गोष्ट सापडली. आता छाती उभी कापत नाहीत. बरगड्यांच्या मधून तीन बोटांचा छेद घेतात, दुर्बिणीने पाहत झडप बदलतात. छातीचं हाड शाबूत. आठ दिवसांत माणूस घरी.

"दिवाळीपर्यंत आई ओट्याशी उभी!" त्याने जाहीर केलं. त्याला ते प्रेमानेच म्हणायचं होतं.

त्या संध्याकाळी बेबीताई आल्या होत्या. शेजारच्याच गल्लीतल्या, सरकारी दवाखान्यात अडतीस वर्षं सिस्टर म्हणून काढलेल्या. अख्ख्या मोहल्ल्याची इंजेक्शनं त्यांनी दिलेली, त्यामुळे त्यांना सगळे थोडे वचकून असत.

"भानू, तुला काय होते ते तू सांग बरं मला," त्या म्हणाल्या.

"दम लागतो तिला, बेबीताई," अच्युत म्हणाला. "पायऱ्या चढताना. बाकी काही नाही."

"तू काहून सांगून राहिला? मी तिला विचारून राहिली."

"अहो, तिला काय कळतं त्यातलं? मी सगळं पाहून ठेवलंय. छोटा छेद आहे, बस. चलो, टेन्शन मत लो."

बेबीताईंनी अच्युतचं मनगट धरलं आणि अंगठ्याने चांगलं दाबलं. "दुखते का?" असं त्यांनी विचारलं ते लतिकाकडे पाहून. लतिका गोंधळली. "मेरे को कैसे पता, आजी?" ती म्हणाली.

"पाहा," बेबीताई अच्युतला म्हणाल्या, "या पोरीला कळते, तुला कळत नाही. दुखणं आईचं आहे नं बाप्पा, तर आईला विचार. अन् दुसरं ऐक. छेद लहान असला म्हणून ऑपरेशन लहान होत नाही. आत हृदय थांबवतात ते थांबवतातच. रक्त मशीनमधून फिरतं ते फिरतंच. काही जणांसाठी लहान छेद चांगला, काही जणांसाठी मोठा. कोणाला कोणता ते डॉक्टर ठरवीन, पण त्याला सगळं सांगितलं तर. भानू, तुला काय वाटते?"

भानुमतीबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. शैलजा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "अच्युत पाहून घेईल नं. मला काय."

भर बाजारात भाव करणारी बाई, स्वतःच्या काळजाबद्दल विचारलं तर "मला काय" म्हणाली. वाचकहो, आपल्या आया हे वाक्य किती सहज म्हणतात, आणि आपण ते किती आनंदाने खरं मानतो.

दसरा झाला आणि ते तिघं नागपूरला गेले. लतिका बेबीताईंकडे राहिली. तिथल्या दवाखान्यातले सर्जन मध्यम वयाचे, शांत बोलणारे गृहस्थ होते, आणि बोलत होते चक्क मराठी. भानुमतीबाईंना ऐकूनच बरं वाटलं. त्यांनी अंगावरची शाल नीट केली आणि खुर्चीत सरसावून बसल्या. त्यांच्या मनात बोलायचं होतं, असं शैलजाला आजही वाटतं.

सर्जननी तपासण्यांचे कागद पसरले. झडप बदलावी लागेल, त्यात दुमत नव्हतं. मग त्यांनी कागदावर रेघा काढून दोन रस्ते समजावले. एक, छाती मधोमध उघडून. दुसरा, बरगड्यांमधून लहान छेद घेऊन. दुसऱ्यात दुखणं कमी, हाड जुळायची वाट पाहायला नको, माणूस लवकर हिंडूफिरू लागतं. बहुतेकांना दोन्हींचा शेवटचा निकाल सारखाच येतो.

"पण लहान छेदातून मोठ्या नळ्या जात नाहीत," ते म्हणाले. "मग मशीनमधलं रक्त जांघेतल्या रक्तवाहिनीतून वर, म्हणजे उलट दिशेने पाठवावं लागतं. वाहिनीच्या भिंतीला आतून चुन्यासारखं लिंपण बसलेलं असलं, तर त्याचा कण सुटून मेंदूत जाऊ शकतो. मग अर्धांगवायू. हा धोका हृदयाच्या कुठल्याही ऑपरेशनमध्ये थोडा असतोच. तुमच्या आईंच्या वाहिनीत थोडं लिंपण दिसतंय. फार नाही. म्हणजे इकडे नाही, तिकडे नाही, असं मधलं आहे. म्हणून एकच गोष्ट मला नक्की कळायला हवी."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"पूर्वी कधी, अगदी पाच-दहा मिनिटांसाठीसुद्धा, हात लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, वाचा जाणं, असं काही झालं होतं का? आज हृदयात रक्ताची गाठ दिसत नाही. पण पूर्वी एखादी सुटून गेली असेल, तर ते मशीन सांगत नाही. तसं झालं असेल तर मी आधी मेंदूचा फोटो काढीन, ऑपरेशन थोडं पुढे ढकलीन आणि लहान छेदाच्या वाटेला जाणार नाही."

प्रश्न विचारताना ते अच्युतकडे पाहत होते. फाइल त्याच्या मांडीवर होती, त्याने आणलेली, त्याने लावलेली.

भानुमतीबाईंचे ओठ हलले. शैलजा मागच्या स्टुलावर बसली होती, ती पुढे झुकली.

"नाही," अच्युत म्हणाला. "तसं कधीच काही नाही."

एक शब्द. त्याला खोटं बोलायचं नव्हतं. त्याला तो रविवार आठवलाच नाही. जे आपण पाहिलेलंच नसतं ते आठवणार कुठून? सर्जननी कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या मुद्द्याकडे वळले. भानुमतीबाईंनी ओठ मिटले. सुनेने सासूकडे पाहिलं, सासूने किंचित मान हलवली, राहू दे अशी. आणि शैलजा, जी रोज चाळीस मुलांना "विचारलं की उत्तर द्यायचं" असं शिकवते, ती गप्प बसली.

नंतर बाहेरच्या बाकावर ती नवऱ्याला म्हणाली, "तो भाद्रपदातला रविवार. सांगायला पाहिजे होतं आपण."

"तो अशक्तपणा होता, शैलू. आता ते उकरून काढलं तर पुन्हा तपासण्या, पुन्हा तारीख. दिवाळी तोंडावर आली. काहून भीती घालतेस?"

संमतीचा कागद आला तेव्हा अच्युतने बोट ठेवून दाखवलं आणि भानुमतीबाईंनी तिथे सही केली. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तासुद्धा चष्मा लावून वाचणाऱ्या बाईने तो कागद वाचला नाही. चष्मा पर्समध्ये होता आणि पर्स शैलजाकडे.

आत नेताना त्या सुनेला म्हणाल्या, "घंटा फडक्यातच राहू दे. मी आले की घासून नेऊ." शैलजाने हो म्हटलं. भानुमतीबाईंचं पूर्ण वाक्य तिने ऐकलं ते हे शेवटचं.

ऑपरेशन चांगलं झालं. हे मी उपरोधाने म्हणत नाही. झडप अगदी चोख बसली, हृदय पहिल्या प्रयत्नात चालू झालं, छेद इतका लहान की पट्टी पाहून विश्वास बसू नये. अच्युतने बेबीताईंना फोन करून सांगितलं, "पाहिलं नं? मी म्हणत होतो."

संध्याकाळी भानुमतीबाई शुद्धीवर आल्या. सिस्टरने सांगितलं, हात उचला. डावा उचलला. उजवा पडून राहिला, भाद्रपदातल्या त्या रविवारसारखा. फक्त या वेळी दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, रात्र गेली, आणि त्याच्यात जीव आला नाही.

दुसऱ्या दिवशी मेंदूचा फोटो निघाला. सर्जननी दोघांना खोलीत बोलावलं आणि फोटो उजेडासमोर धरला. डाव्या बाजूला एक मोठा डाग होता, कालचा. त्याच्या शेजारी वाटाण्याएवढा आणखी एक.

"हा जुना आहे," ते म्हणाले. "दीड-दोन महिने तरी झाले असतील. तेव्हा काही झालं होतं?"

अच्युत फोटोकडे पाहत राहिला.

"झालं होतं," शैलजा म्हणाली. आणि तिने सगळं सांगितलं. वरणभाताचा घास, ओठाचा कोपरा, ताटाची कड धरलेला डावा हात, दहा-बारा मिनिटं. सांगताना ती रडली नाही. एकदाही नवऱ्याकडे पाहिलं नाही.

सर्जन खुर्चीत मागे टेकले. "मोठा छेद घेतला असता तर हे टळलंच असतं, असं मी म्हणणार नाही," ते शेवटी म्हणाले. "ते मला माहीत नाही. कुणालाच कधी कळणार नाही. पण हे मला आधी कळलं असतं, तर मी काल त्यांना टेबलावर घेतलं नसतं." मग ते म्हणाले, "चूक तुमची एकट्याची नाही. पेशंट माझ्यासमोर बसल्या होत्या. माझी मराठी त्यांना कळत होती. आणि मी तुमच्याकडे पाहून विचारलं."

अच्युतला वाटलं होतं, डॉक्टर रागावतील. रागावले असते तर त्याला भांडता आलं असतं. तो उठला, आईच्या खाटेपाशी गेला आणि पहिल्यांदा तिला विचारलं, "आई, त्या दिवशी तू बोलणार होतीस नं? डॉक्टरांसमोर?"

भानुमतीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. ओठ जुळवायचा फार प्रयत्न केला. मान घामाने ओली झाली.

"नाही," त्या म्हणाल्या.

त्याला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. तेवढ्यात सिस्टरने विचारलं, "पाणी हवं का, आई?" "नाही," म्हणत भानुमतीबाईंनी डावा हात पेल्याकडे पुढे केला. "तुमचं नाव काय?" "नाही." "हा कोण, मुलगा का?" "नाही, नाही." आणि डोळ्यांतून पाणी.

मेंदूला असा मार बसला, की कधीकधी सगळे शब्द जातात आणि एखादाच मागे राहतो, असं डॉक्टरांनी समजावलं. कुठला राहील ते सांगता येत नाही. माणूस मग हो म्हणायलाही तोच वापरतो आणि नाही म्हणायलाही तोच. भानुमतीबाईंच्या साऱ्या मराठीतून हा एक शब्द उरला होता. त्यांच्याऐवजी मुलाने दिलेला.

दिवाळी आली आणि गेली. कार्तिकी एकादशीही गेली. चेरीतालच्या घरात शैलजाने नोकरीवरून बिनपगारी रजा घेतली. बेबीताई रोज सकाळी येऊन उजव्या हाताची बोटं एकेक करून वाकवतात, सरळ करतात. "होईन थोडं थोडं," त्या म्हणतात, पण अडतीस वर्षं त्यांनी असे हात पाहिलेले आहेत आणि त्यांच्या बोलण्यात आता पूर्वीचा जोर नाही. भाजीवाला दाराशी येतो, "बाई कशा आहेत?" एवढं मराठीत विचारतो, आणि पुढचं शैलजाशी हिंदीतच होतं. लतिका आजीजवळ बसून पुस्तकातले शब्द मोठ्याने वाचते. तिचे उच्चार चुकतात. चूक सुधारणारं आता कुणी नाही.

अच्युत बदलला आहे. इतका, की ओळखू येऊ नये. चहात साखर किती, खिडकी उघडू का, टीव्ही लावू का, सगळं तो आईला विचारतो. खाली वाकून, तिच्या डोळ्यांत पाहून, उत्तराची वाट पाहत. ऑफिसात कुणाच्या घरी आजारपण निघालं, की तो त्याला बाजूला घेतो. "भैया, फाइल घेऊन जा, सगळं कर," तो सांगतो, "पर डॉक्टर ने पूछा, तो तू चूप रह. माँ को बोलने दे. आणि बायकोला, सुनेला, घरात ज्याने कुणी पाहिलं असेल त्याला आत घेऊन जा." काही जण ऐकतात. बरेच जण मान हलवून निघून जातात, जसं त्याने स्वतः बेबीताईंचं बोलणं सोडून दिलं होतं.

एकदा तो बेबीताईंना म्हणाला, "आता मी सगळं विचारतो तिला."

"विचारतोस, चांगलं करतोस," त्या बोटं वाकवता वाकवता म्हणाल्या. "विचारायचा दिवस होता तेव्हा विचारलं असतं, तर तिच्याजवळ सांगायला शब्द होते रे."

वाचकहो, मला दुर्बिणीच्या ऑपरेशनची भीती घालायची नाही. ज्यांना ते योग्य, त्यांना ते वरदान आहे, आणि तसं सांगणारे डॉक्टर खोटं सांगत नाहीत. पण छेदाची लांबी पाहून धोका मोजू नका. दहा मिनिटांसाठी हात पडला, तोंड वाकडं झालं, शब्द गेला आणि पुन्हा सगळं ठीक झालं, तर ते बरं झालेलं नसतं. तो निरोप असतो, आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोचवायचा असतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ज्याचं दुखणं त्याचं उत्तर. आईचं तोंड तुम्ही होऊ नका. तिला "मला काय" म्हणू देऊ नका. ज्या सुनेने पाहिलं तिने मागच्या स्टुलावर बसून राहू नये, आणि कुणी तिला तिथे बसवू नये. मौन देवापुढे पानावर ठीक आहे. डॉक्टरांपुढे नाही.

आषाढी एकादशीच्या सकाळी अच्युतने देवघराच्या खालच्या कप्प्यातून ते फडकं काढलं. घंटा काळवंडली होती. त्याने ती चिंचेने घासून लख्ख केली आणि आईच्या डाव्या हातात दिली. शैलजा दारात उभी होती.

"आई," तो खाली वाकून म्हणाला, "पाच वर्षं पुरी झाली तुझी. व्रत मोडलं नाही, मी सांगतो. घंटा दत्ताच्या देवळात वाहून येऊ का आज?"

भानुमतीबाईंनी घंटेकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. मूठ घट्ट झाली, की नुसती थरथरली, ते कळलं नाही. घंटेचा बारीक आवाज झाला.

"नाही," त्या म्हणाल्या.

अच्युत वाट पाहत राहिला. तिला न्यायची होती की ठेवायची होती, हे त्याने पुन्हा विचारलं, मग आणखी एकदा. प्रत्येक वेळी तेच उत्तर आलं. त्याने शैलजाकडे पाहिलं, तिलाही ते कळलं नव्हतं. घंटा अजून खाटेशेजारच्या स्टुलावरच आहे.